थापाड्याचा समुद्र

माझ्या आईनं वर्षभर माझ्या वडिलांचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. ते गेले चैत्रात. त्यानंतर दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी फोटो आपला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या पेटीमागं. मी माझ्या हातानं त्या फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकला होता. आईनं त्या खिळ्याला बाजाराची पिशवी अडकवली. माहेरी गेले की उंबऱ्यातूनच ती पिशवी दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

"अगं, गेलं ते माणूस. एवढा कसला राग धरतेस?" मी म्हणायचे.

"म्या राग न्हाई धरला. पर थापाड्या माणसाचं तोंड रोज सकाळी उठून कोण बघंल?"

झालं. पुढं बोलायची सोय नाही. आमच्या आईनं एकदा तोंड मिटलं की ते उघडायला पहार लागते.

वडील, आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. भोरहून वरंधा घाटानं खाली महाडला आणि तिथून पुढं समुद्राकाठच्या एका गावी मुक्कामाला जाणारी गाडी कित्येक वर्षं त्यांच्याकडं होती. रात्री तिकडं वस्ती, सकाळी परत. येताना सुकट आणायचे, बोंबील आणायचे, कोकमं आणायचे आणि या सगळ्याबरोबर थापा आणायचे. घाटात म्हणे बिबट्या गाडीपुढं आडवा बसला, यांनी दिवे मालवून "पावनं, सरा बाजूला" म्हटलं, तर तो शेपूट सावरून उठला. महाडच्या स्टँडवर म्हणे एक आंबा एवढा मोठा होता की कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं. मी लहानपणी तोंडाचा आ करून ऐकायचे. आई भाकरी थापता थापता नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये सगळं यायचं.

पण भांडण व्हायचं ते एका थापेवरून. वडील म्हणायचे, "समुद्र दिवसातनं दोनदा लांब निघून जातो आणि दोनदा परत येतो."

आईला हे सहन व्हायचं नाही. कारण पाण्यातलं तिला कळतं. आमचं गाव भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात, धरणाच्या पाण्याला लागून. आईचं माहेरही त्याच पाण्याच्या पलीकडच्या काठाला. संक्रांतीनंतर पाणी हटायला लागतं, उघड्या पडलेल्या गाळात माणसं काहीबाही पेरतात, बाया वाकळा धुऊन त्याच उघड्या दगडांवर वाळत घालतात. गेलेलं पाणी आषाढाशिवाय परत येत नाही. ही गोष्ट तिनं जन्मभर दरवर्षी डोळ्यांनी बघितलेली.

"पानी गेलं की गेलं," ती म्हणायची. "वरनं पाऊस न्हाई, नदीला पूर न्हाई आन् पानी परत येतंय? कुणी आनलं, टँकरनं?"

"अगं, खरंच येतं. आणि पाण्यात उभं राहिलं ना, की तळव्याखालची वाळू सरकते. गुदगुल्या होतात."

"हां, समुद्र बी चावट निघाला मग."

मी शाळेत भरती-ओहोटी शिकले तेव्हा पुस्तक घेऊन आईपुढं बसले. चंद्र ओढतो, वगैरे सांगितलं. आई म्हणाली, "चंद्र आपल्या धरणावर बी उगवतो. त्येला का वढत न्हाई?" टीव्हीत दाखवलं तर म्हणाली, टीव्हीत माणसं उडत्यात बी. शेवटी आमच्या घरात तो शब्दच पडून गेला. कुणी काही न पटणारं बोललं की आई म्हणायची, "व्हय व्हय, आन् समुद्र बी परत येतो!" वडील खो खो हसायचे. "तुला एकदा नेऊन दाखवतोच. पुढच्या शिमग्याला." असे किती शिमगे आले आणि गेले. आधी रजा नाही, मग म्हैस व्यालेली, मग माझं लग्न, मग त्यांचे गुडघे, मग आईचे.

गेल्या चैत्रात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि पुण्याला न्यायचं ठरलं. गाडी दारात उभी. वडील गाडीत बसले, काच खाली केली आणि आईला म्हणाले, "चार दिवसांत परत येतो. म्हशीला पेंड घालत जा." आईला रडणं जमत नाही, तिला बोलणं जमतं. ती म्हणाली, "व्हय व्हय, समुद्रावानी या."

वडील हसले. "समुद्रावानीच येतो," म्हणाले.

ते आले नाहीत. शववाहिका आली. आईनं पाणी पाजलं, कुंकू पुसू दिलं, सगळं केलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेराव्याला मला एवढंच म्हणाली, "शेवटचं बी खोटंच बोलला तुझा बा." आणि फोटो माळ्यावर गेला.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं. सगळी भावकी जेवायला येणार. हार घालायचा तो कशाला, बाजाराच्या पिशवीला? आईला विचारलं तर म्हणाली, पाटावर सुपारी मांडू. तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी तिथल्या तिथं ठरवलं की हिला समुद्र दाखवायचा. परत येणारा समुद्र. वडिलांची ती एक गोष्ट खरी ठरली, की बाकीच्या थापा ती पोटात घालेल आणि फोटो खाली येईल. माझा हिशोब एवढाच होता. शिमग्याला चार दिवस होते.

मी भोरजवळच्या उत्रोलीत दिलेली. नवरा टेम्पो चालवतो, आमची थोडी भातशेती आहे. रिसॉर्टबिसॉर्ट आमच्या कुळात कुणी बघितलेलं नाही. पण म्हटलं, आई आयुष्यात एकदाच समुद्राला चाललीये तर पाण्याला लागूनच उतरवायची. मोबाईलवर शोधून एक ठिकाण काढलं. फोटोत खोलीच्या पायरीला निळंशार पाणी लागलेलं, तरण तलाव, नारळाला बांधलेला झोपाळा, ताटात ही एवढी सुरमई. 'समुद्र थेट तुमच्या दारात' असं लिहिलेलं. नवरा म्हणाला, "फोटोवर जाऊ नको." मी म्हटलं, "तुम्ही लग्नाच्या वेळी फोटोवरच आला होतात." तो गप गाडी ठरवायला गेला.

आईला मात्र तयार करायला दोन दिवस लागले. गुडघे दुखतात, म्हशीचं कोण बघंल, माझं काय ऱ्हायलंय समुद्रात. शेवटी मी म्हटलं, "तुला भीती वाटते. अण्णा खरे निघतील म्हणून."

"भीती? मला?" ती ताडकन उठली. "चल. दाव तुझा समुद्र. आन् न्हाई आला परत तर त्यो खिळा बी उपटून टाकीन."

घाटात तिनं डोळे मिटून घेतले ते पायथ्याची बिरवाडी येईपर्यंत उघडले नाहीत. सोबत घेतलं होतं काय काय म्हणता? भाकऱ्या, ठेचा, स्वतःची वाकळ, कपडे धुवायची साबणवडी आणि आमच्या घरचे तांदूळ. "हाटेलातला भात रबरावानी असतो," म्हणाली.

ऊन उतरता उतरता पोचलो. रिसॉर्टची कमान झकास होती, तिथंच काय ते झकास संपलं. तरण तलावात हिरवं पाणी आणि त्यात बेडूक. झोपाळ्याची एक दोरी तुटलेली. मॅनेजर पुढं आला, गळ्यात टाय, पायात रबरी स्लीपर. "वेलकम, वेलकम. पूल मेंटेनन्सला आहे, पाच मिनिटांत सुरू होईल."

"बेडकं पन मेंटेनन्सची हायेत काय?" आईनं विचारलं.

खोलीत ओलसर कुबट वास. एसी सुरू केला तर गार हवा आली नाही, पाणी आलं, तेही पलंगावर. चादरींवर पिवळे डाग. गरम पाणी? पाच मिनिटांत. दुसऱ्या चादरी? पाच मिनिटांत. मी जेवणाचं विचारलं तर म्हणाला, सुरमई आज संपली, पनीर मिळेल. समुद्राच्या काठावर पनीर! मला संताप आवरेना. पण मी स्वतःला बजावलं, बाई, आपण पलंगासाठी आलेलो नाही आणि सुरमईसाठी तर नाहीच. आपण पाण्यासाठी आलोय. मी आईचा हात धरला आणि मागचं दार उघडलं.

पाणी नव्हतं.

पायरीपुढं एक बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडं चिखलट काळपट वाळू, लांबच्या लांब. मधेमधे खडक, त्यावर शेवाळ. एक होडी एका कुशीवर कललेली. पार तिकडं, नजर ताणली तर, एक पांढरी रेघ. ओहोटी होती, आणि तीही पौर्णिमा जवळ आल्यावरची, पार तळ दाखवणारी. मोबाईलवर मी सगळं बघितलं, सुरमईसुद्धा, पण पाणी कधी असतं ते बघायचं डोक्यात आलं नाही.

आईनं कपाळावर हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वळून मॅनेजरला म्हणाली, "पानी कालव्याला सोडलं काय?"

"आजी, हा समुद्र आहे."

"त्ये कळलं. खालच्या तालुक्यांनी नेलं आसंल. आमच्याकडं बी तसंच. धरन उशाला आन् कोरड घशाला."

मॅनेजर म्हणाला, "आजी, पाणी गेलंय, येईल परत."

"पाच मिनटांत?" आई म्हणाली.

माझा नवरा भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. आई मात्र गंभीर होती. तिनं पदर खांद्यावर ओढला आणि मला म्हणाली, "बघितला समुद्र. पानी गेल्यालं हाय, तुझा बा म्हनायचा त्यातलं अर्धं खरं. अर्धं कुनाचं बी खरं असतं. चल आता घरला."

नवराही तिच्याच बाजूचा. "मामी म्हणतात ते बरोबर आहे. इथं झोपण्यात अर्थ नाही. महाडला एखादं लॉज बघू, नाहीतर सरळ भोर गाठू."

"कुणी हलायचं नाही," मी म्हणाले. "एसी गळू दे, बेडूक ओरडू दे. पाणी परत आल्याशिवाय मी इथून पाय उचलणार नाही."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर आषाढापर्यंत इथंच राहू."

आईला माझं बोलणं लागलं नाही, उलट आवडलं. हट्ट तिला कळतो. तिनं मुकाट्यानं भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं. आम्ही पायरीवर बसून भाकरी, ठेचा खाल्ला आणि अंधार पडला. तिनं गुडघ्याची गोळी घेतली, डागाळलेली चादर दोन बोटांनी उचलून कोपऱ्यात फेकली, जमिनीवर आपली वाकळ अंथरली आणि घोरायला लागली. आणि त्याच रात्री, ती गाढ झोपेत असताना, पाणी आलं. भिंतीवर आपटलेलं मी कानांनी ऐकलं. दोनदा हलवून उठवलं, पण गोळीच्या गुंगीत ती "म्हशीला पानी दाव" म्हणून कुशीवर वळली. मला अक्षरशः रडू आलं.

सकाळी तांबडं फुटताना आई उठून भिंतीपाशी गेली. पुन्हा तीच काळी वाळू, तीच आडवी होडी. परतली ती विजयी मुद्रेनं.

"रातभर न्हाई आलं."

"आलं होतं गं! मी ऐकलं. ही बघ, भिंत ओली आहे."

"दव पडलं आसंल. सपान पडलं तुला. बापावर गेलीयास."

आता काय बोलणार? कपाळ! मी चहाच्या नादी लागले. तेवढ्यात न्हाणीतून धोपटण्याचा आवाज आला. बघते तर आईनं ओचा वर खोचलेला आणि रिसॉर्टच्या चादरी, उशांचे अभ्रे, सगळं बादलीत घालून, स्वतःची साबणवडी लावून, दणादणा आपटत होती. "शी! मानसं झोपत्यात का गुरं? घान ठिवून मला करमत न्हाई." पिळून झाल्यावर तिनं पिळे खांद्यावर टाकले, भिंतीतल्या फटीतून खाली उतरली आणि थेट वाळूत चालायला लागली. माझ्या लक्षात आलं, ही आता काय करणार ते. ती तेच करणार होती जे आमच्याकडच्या बाया दरवर्षी पाणी हटल्यावर करतात.

पाच-पन्नास पावलांवर चांगला रुंद खडक होता. त्यावर तिनं चादरी पसरल्या, एकीला एक लावून, सुरकुत्या काढून. चारी टोकांवर दगड ठेवले. तिचं बदललेलं हिरवं लुगडंही शेजारी पसरलं. लुगडं वाऱ्यानं फडफडायला लागलं तर त्यावर आणखी एक दगड.

मॅनेजर ब्रश तोंडात धरून धावत आला. "आजी! आजी, तिथं नका घालू, पाणी येईल!"

आईनं लांबूनच हात हलवला. "तू बी त्याच गावचा दिसतोस!"

"खरंच येणार आहे हो आजी, दोन तासांत!"

"गरम पानी काल पाच मिनटांत येनार व्हतं, त्ये आजून येतंय. आन् म्हनं समुद्र येनार!"

बिचारा. कालपासून तो एकच खरी गोष्ट बोलला असेल आणि ती कुणी ऐकून घेईना. नवरा भिंतीवरून उतरायला लागला. "मामींना सांगतो, भिजेल सगळं..." मी त्याची बाही धरली.

"सांगायचं नाही."

"अगं पण..."

"एक अक्षर नाही. मॅनेजर, तुम्हीही. तुमच्या चादरी गेल्या असं समजा."

मला पाणी दिसत होतं. ती पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती, तिला हालचाल आली होती. कुशीवर पडलेल्या होडीच्या पोटाखाली चकाकी आली. आई खडकाच्या आडोशाला समुद्राकडं पाठ करून बसली होती, गावाकडं तोंड करून, वाळणाची राखण करत. घरी धरणाकाठी ती अशीच बसते, म्हशींनी येऊन तुडवू नये म्हणून. ऊन चढलं. मी भिंतीवर बसून राहिले. कुणी म्हणेल चादरी वाळताना बघण्यात एवढं काय आहे. पण मला वाटत होतं, अण्णा, आता तुमचं तुम्हीच बघा. मी इथपर्यंत आणून सोडलंय हिला.

पहिलं पाणी तिच्या मागून आलं, आवाज न करता, खडकाच्या दोन्ही बाजूंनी. तिच्या पायाच्या बोटांना लागलं तेव्हा ती दचकली आणि आधी वर आभाळाकडं बघितलं. पाऊस कुठं आहे, म्हणून! आभाळ स्वच्छ होतं. मग तिनं मागं वळून बघितलं.

ती उठून उभी राहिली. होडी सरळ उभी होती आणि डुलत होती. काल जिथं नुसता चिखल होता तिथं सगळीकडं पाणी, आणि ते चालत तिच्याकडं येत होतं. एक लाट आली, चादरीच्या कडेचा दगड ढकलून गेली. दुसरी आली आणि अभ्रे घेऊन गेली. आई ते पकडायला दोन पावलं पुढं गेली आणि थबकली. लाट मागं सरत होती. आई खाली, आपल्या पायांकडं बघत होती.

मी तोवर धावत पोचले होते. "आई, चल, पाणी वाढतंय."

"थांब," ती म्हणाली. "हालू नगंस."

पुन्हा एक लाट आली, घोट्यांवरून गेली, मागं सरली. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"गुदगुल्या करतोय गं," ती म्हणाली.

आणि ती हसायला लागली. एवढी हसली की तिच्या डोक्यावरचा पदर पडला. एक चादर फुगून वर आली, पालथ्या म्हशीसारखी तरंगत तिच्या बाजूनं गेली, तरी तिचं लक्ष नाही. "खरं बोलत व्हतं गं त्ये! म्या जलमभर त्येंला येड्यात काढलं आन् त्ये खरं बोलत व्हतं!" हसता हसता तिचा आवाज फाटला. वर्षभर जे आलं नव्हतं ते आता आलं. ती उभ्या जागी हमसून हमसून रडायला लागली, लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. मी तिला धरून उभी. माझेही डोळे वाहत होते आणि मनात आलं, जिंकलो अण्णा, आपण जिंकलो.

तेव्हा ती पाण्याकडं बघून म्हणाली, "हे आलं की गं परत. मग त्ये का न्हाई आलं?"

याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात नव्हतं आणि मोबाईलवरही नव्हतं. समुद्र दाखवून आईला गप्प करायचं, असा माझा बेत होता. इथं मीच गप्प झाले. मी जिंकायच्या नादात होते आणि ती वर्षभर अण्णांच्या त्या 'समुद्रावानीच येतो'वर वाट बघत बसली होती, हे मला तिथं गुडघाभर पाण्यात कळलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. पाणी मांडीला लागलं तेव्हा नवरा आत आला आणि दोन्ही हातांना धरून आम्हाला बाहेर घेऊन गेला.

तिचं हिरवं लुगडं गेलं ते गेलंच. मॅनेजर चादरींवरून काहीतरी पुटपुटत होता. आई ओलीचिंब त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुझं हाटेल भिकार हाय. पर पानी येनार म्हनलास त्ये खरं बोललास. देव तुझं भलं करो." त्यानं आतून चहा आणून दिला आणि खरं सांगते, तो चहा गरम होता.

खोली दोन रात्रींसाठी घेतली होती, म्हणून आम्ही आणखी एक दिवस राहिलो. मला निघायची घाई झाली होती, आईला नाही. तिनं पाणी जाताना बघितलं आणि परत येताना बघितलं. मधल्या वेळात भिंतीवर बसून राहिली. एकदा जाणाऱ्या पाण्याला म्हणाली, "जा, जा. वळकते आता तुला."

परत येताना घाटात तिनं डोळे उघडे ठेवले. एका वळणावर म्हणाली, "हितंच बिबट्या बसला आसंल."

घरी पोचलो. दाराचं कुलूप मी काढलं. आईनं चपला काढल्या, खिळ्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वर चढ. पेटीमागं हाय." मी फोटो काढला, कागद सोडला. वडील खाकी शर्टात, तोंड जरासं वाकडं करून, आता काहीतरी सांगणार अशा बेतात. आईनं पदरानं काच पुसली. खूप वेळ पुसली. मी खिळ्याकडं हात नेला तर म्हणाली, "तितं नगं. चुलीच्या समोर लाव. म्या भाकरी करताना त्येंला बोलायची सवय हाय." मी नवा खिळा ठोकला.

वर्षश्राद्धाला घर भरलं. फोटोला झेंडूचा हार घातला. जेवणं उरकल्यावर बाया ओसरीवर पान खात बसल्या आणि आईला विचारायला लागल्या, काय गं, समुद्र बघून आलीस म्हनं, कसा असतोय? आई पुढं सरकून बसली. तिनं सांगितलं, दिसातनं दोनदा जातो, पार तळ दिसतो, आन् पाऊस नसताना परत येतो. माझं लुगडं न्हेलं. पायाखाली गुदगुल्या करतो.

शेजारची म्हातारी, आईच्याच वयाची, पाण्याच्या काठाला जन्म घालवलेली, तोंडातलं पान सावरत म्हणाली, "गेल्यालं पानी परत येतंय व्हय? धन्याच्या मागं तू बी थापा मारायला लागलीस!" आणि ओसरीवर हसण्याचा कल्लोळ उठला.

मला वाटलं आई आता तिची खरडपट्टी काढणार. आई उठली, पदर खोचला आणि आत चुलीपाशी गेली. मी मागोमाग गेले. ती फोटोपुढं उभी होती, हाराच्या आड लपलेल्या त्या वाकड्या तोंडाकडं बघत.

"हसू नगा," ती म्हणाली.